पांगुळगाडा आणि सेफ्टी गेट

घराला दारच नसेल तर रांगतं मूल सांभाळायचं कसं, हा प्रश्न शनिशिंगणापूरला येणाऱ्या पत्रकारांपैकी कुणी विचारल्याचं आमच्या ऐकिवात नाही. त्यांना चोरांमध्ये रस. खरंच चोरी होत नाही का, चोर आंधळा होतो म्हणतात ते खरं का, २०११ च्या जानेवारीत युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली ती चालते कशी. अहो, चोर यायचा तर वर्षा-दोन वर्षांतून एखादा येणार. दीड वर्षाचं पोर दिवसभर उंबरठ्याशीच असतं. चौकट आहे, कवाड नाही आणि पलीकडे रस्ता. शनिदेवाने इथल्या बायाबापड्यांना चोरांपासून अभय दिलं असेल. पोरांपासून दिलेलं नाही.

आमच्या लहानपणी यावर एकच इलाज होता, तो म्हणजे फळी. कुत्री आत शिरू नयेत म्हणून चौकटीला आडवी फळी टेकवून ठेवायची. कुत्री ती उडी मारून ओलांडत, पोरं मात्र अडत. फळीला धरून आमच्यातले कित्येक जण पहिल्यांदा उभे राहिले, आणि उभं राहिल्यावर फळीच्या वरून दिसली ती समोरची ओसरी, बांधलेली म्हैस आणि आपल्यासारखंच फळीला लटकलेलं शेजारचं पोर. कधी फळी सरकायची, पोर धूळ चाखत रस्त्यावर यायचं. मग आईच्या आधी समोरच्या ओट्यावरची म्हातारी ओरडायची, "आरं, कुणाचं पोर हे? सुटलं बघा! धरा की त्याला!" आणि जो कोणी तिथून जात असेल तो, मग तो सोनईच्या बाजाराला निघालेला का असेना, पोराला काखोटीला मारून घरात आणून ठेवायचा. आभार मानायची पद्धत नव्हती. पुढच्या वेळी त्याचं पोर आपण आणून ठेवायचं, एवढाच व्यवहार.

आज त्याच फळीवर वाढलेल्यांची मुलं-सुना चाकणला, हडपसरला, सुप्याच्या एमआयडीसीच्या आसपास राहतात. फ्लॅटच्या दाराला लॅच, वर साखळी, बाहेर जाळीचा दरवाजा. आत स्वयंपाकघराच्या तोंडाशी सेफ्टी गेट, फ्रिजला चाइल्ड लॉक, टेबलाच्या कोपऱ्यांना रबराच्या टोप्या. ज्यांच्या आजोबांनी तिजोरीला कुलूप लावलं नाही, त्यांच्या नातवासाठी कमोडच्या झाकणाला कुलूप आहे. आम्ही सुट्टीत जातो तेव्हा ते उघडता उघडत नाही. यावरून घरात पुष्कळ हसतो.

हसून झालं की मात्र एकेक आठवायला लागतं. कठडा नसलेला आड आठवतो. जमिनीच्या पातळीवर धगधगणारी चूल आठवते, आणि सोड्याच्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवलेलं रॉकेल, जे पाणी समजून प्यायलेलं एखादं पोर प्रत्येक आळीत असायचं. नाकात हरभरा अडकणं हा तर बालपणाचा नित्यविधीच होता. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात तर १६ वर. त्यातली बरीचशी बाळं जुलाबाने, न्यूमोनियाने, धनुर्वाताने जायची. आडात पडणारी थोडीच. पण "आम्ही नाही का वाढलो तसेच?" हे वाक्य जे वाढले तेच बोलू शकतात, एवढं तरी ध्यानात ठेवलेलं बरं.

तरीही पांगुळगाड्याची सय येतेच.

मूल भिंत धरून पावलं टाकायला लागलं की आजोळी निरोप जायचा. पाळणा आजोळचा, पायातले वाळे आजोळचे, तसाच पांगुळगाडाही मामाकडून यायचा. मामा-भाच्याचं आमच्या गावाला अप्रूपही तसंच. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेली शनीची शिळा सगळ्या गावाला हलेना, शेवटी सख्ख्या मामा-भाच्याच्या जोडीने उचलली तेव्हा हलली, ही कथा इथल्या पोराला दुधाबरोबर पाजली जाते. तेव्हा जो मामा शिळा उचलतो त्याला एक गाडा जड नव्हता. सुताराला सांगून बाभळीचं लाकूड तासून घ्यायचं. मागे दोन चाकं, पुढे एक लहान, धरायला आडवी दांडी. वंगण कुणी घालत नसे, त्यामुळे गाडा चालला की कुईकुई आवाज. हा आवाजच त्या गाड्याचा खरा उपयोग होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आजी आत भाकरी थापत असायची आणि तिचा कान गाड्याकडे असायचा. कुईकुई चालू म्हणजे पोर अंगणात. कुईकुई लांब गेली म्हणजे पोर रस्त्याला लागलं. कुईकुई थांबली म्हणजे हातातलं पीठ तसंच ठेवून धावायचं, कारण पोर एक तर पडलं असेल किंवा काहीतरी तोंडात घालत असेल. पोर मोठं झालं की गाडा माळ्यावर, आणि पाठचं भावंड उभं राहिलं की पुन्हा खाली.

आता मामा ऑनलाइन वॉकर पाठवतो. गोल, प्लास्टिकचा, मध्ये बसायला झोळी, पुढे बटणं. बटण दाबलं की इंग्रजीत शेळी ओरडते. मूल त्यात बसतं आणि पायाच्या बोटांनी फरशी ढकलत घरभर फिरतं. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. मुलं जिन्यावरून कोसळत होती, आणि चालायला लवकर शिकतात म्हणावं तर तेही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बरीच वर्षं हेच सांगते आहे. मुलाने उभं राहून मागून ढकलायची गाडी मात्र चांगली, असं हीच मंडळी म्हणतात. म्हणजे आमच्या सुताराने बलुत्यात करून दिलेली वस्तू बरोबर होती. आम्ही लगेच कॉलर ताठ केली. पण त्या गाड्याचे खिळे बाहेर आलेले असायचे, पुढचं चाक दगडाला अडलं की पोर तोंडावर आपटायचं, आमच्यातल्या निम्म्यांच्या हनुवटीवरची खूण त्याचीच आहे, हे आम्ही सुनेला सांगत नाही. तिने परवा एक लाकडी गाडी मागवली. कडा घासलेल्या, चाकांना रबर, रंग चाटला तरी चालेल असा. खोक्यावर नाव 'माँटेसोरी'. किंमत ऐकून आमचा सुतार वर गेला तिथून परत आला असता.

माँटेसोरीबाईंचा आमच्या मुलखाशी संबंध नाही असं मात्र नाही. बाई १९३९ मध्ये भारतात आल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बाईंच्याच पद्धतीवर नूतन बालशिक्षण संघ काढला होता. पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, सोबत अनुताई वाघ. आदिवासी पाड्यातल्या मुलांना परदेशी बनावटीचं महागडं साहित्य कुठून आणणार? म्हणून त्यांनी शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, काड्या गोळा केल्या आणि त्यांतून बालवाडी उभी केली.

इथे आमच्या पिढीचा एक लाडका दावा जरा तपासून घ्यायला हवा. आम्ही म्हणतो, आमच्या घरात सगळंच खेळणं होतं. डब्यात डबा बसवणं, उतरंडीतली मडकी लहान-मोठी लावणं, सुपातल्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घालणं. आजच्या खोक्यांवर जे जे लिहिलेलं असतं ते सगळं आमच्याकडे फुकट होतं. होतं ना, पण खेळायला नव्हतं. ते घरातलं सामान होतं आणि हात लावला तर पाठीत धपाटा होता. ज्वारी सांडणं म्हणजे अन्न सांडणं. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या घरात तो खेळ कोण चालू देईल? ज्वारीत हात घालणाऱ्या पोराला आमच्या आयांनी मारलं, आणि ताराबाईंनी त्याच हाताकडे बघत बसून शिक्षणाची पद्धत शोधली. आता सून परातीत रंगीत तांदूळ ओतून नातवाला त्यात बसवते, त्याला 'सेन्सरी प्ले' म्हणते, आणि सासूबाई आतल्या खोलीत जाऊन म्हणतात, "काय बाई हे, तांदूळ पायाखाली!" दोघींचंही खरं आहे.

खरी खेळणी आमच्याकडे मोजकी. पाळण्यावर टांगलेल्या लाकडी चिमण्या, एक खुळखुळा, जत्रेतली पिपाणी, जी मोठ्यांचं डोकं उठून घरी पोचायच्या आत 'हरवायची'. कडबा सोलून ज्वारीच्या भेंडाची बैलगाडी आणि चष्मा. पोळ्याला कुंभाराकडचे मातीचे बैल. त्यांची पूजा मोठ्यांनी करायची, पण दुसऱ्या दिवशी ते पोरांच्या ताब्यात. आठवडाभरात एका बैलाचं शिंग जायचं, मग पाय, मग तो बैल आहे हे फक्त त्या पोरालाच माहीत असायचं. तुटलेल्या बैलाला कुणी फेकत नसे आणि नवा आणतही नसे. पुढचा बैल पुढच्या पोळ्याला. दोन वर्षांच्या जिवाने वर्षभर वाट बघायची म्हणजे अर्धं आयुष्यच झालं की! बाहुली चिंध्यांची आणि मुलीची. गाडी लाकडाची आणि मुलाची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. देवाच्या चौथऱ्यावरही बापाच्या कडेवरून मुलगा जायचा आणि बायका-मुली खालून हात जोडायच्या. चौथरा बायकांना खुला झाला तो २०१६ च्या गुढीपाडव्याला, तेही आंदोलनं आणि कोर्टकचेरी झाल्यावर. भातुकली अजून पुष्कळ घरांत फक्त मुलींनाच मिळते. त्यासाठी कुणी कोर्टात गेलेलं नाही.

आता खेळणी भरपूर आणि वाट बघणं शून्य. नातवाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि तो बसलाय रिकाम्या खोक्यात. अमेरिकेत रॉचेस्टरच्या संग्रहालयात खेळण्यांचं एक सन्मान-दालन आहे. तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ मध्ये काठीला मानाचं स्थान दिलंय. काठी! आमची तर हयात काठीवर गेली, खेळायलाही आणि खायलाही. टोलेडो विद्यापीठात दीड-दोन-अडीच वर्षांच्या मुलांना एकदा सोळा खेळणी दिली, एकदा चारच. चार असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. दुसरं एक संशोधन २०१५ च्या अखेरीस आलं. बोलणारं-गाणारं बॅटरीचं खेळणं समोर असलं की आईबाप मुलाशी कमी बोलतात, आणि मूलही कमी आवाज काढतं. खेळणंच बोलतंय म्हटल्यावर आईने कशाला बोलायचं? आम्हाला हे वाचून फार बरं वाटलं. गरिबीला शास्त्राचा पाठिंबा मिळाला की माणसाला बरं वाटतंच.

पोराच्या हट्टाचं काय करायचं, याबाबतीत मात्र आमच्याकडे शास्त्र नव्हतं, दृष्ट होती. पोराने भोकाड पसरलं, जमिनीवर लोळण घेतली, जेवेना, झोपेना, की निदान ठरलेलं. आज बाजारात कुणी बघितलं याला? मग आजी उठायची. मुठीत मीठ-मोहऱ्या आणि दोन लाल मिरच्या. पोराला मांडीवर घेऊन त्याच्यावरून मूठ उतरवायची, पुटपुटत. आल्यागेल्याची, भुताखेताची, घरच्याची नि दारच्याची (दार नसलेल्या गावातही 'दारच्याची') सगळ्यांची नावं घ्यायची आणि मूठ चुलीत. मोहऱ्या तडतडल्या. मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती. एव्हाना पोर गप्प झालेलं असायचं. का नाही होणार? सगळं घर काम टाकून त्याच्याभोवती जमलं होतं, आजीचा हात डोक्यावरून फिरला होता, एकाच लयीतलं पुटपुटणं कानावर पडलं होतं, आणि शेवटी फटाक्यासारखा आवाज. मुख्य म्हणजे दोष पोराचा नव्हता आणि आईचाही नव्हता. तो बाजारातल्या कुणा अनोळखी डोळ्याचा होता. एवढी सोय आजच्या कुठल्या सल्ल्यात आहे?

आज सल्ला असा असतो. मुलाच्या उंचीवर खाली बसा, डोळ्यांत बघा, "तुला राग आलाय ना?" असं म्हणून त्या भावनेला नाव द्या, आवाज चढवू नका, दोनच पर्याय द्या, लाल कप की निळा. दोन-अडीच वर्षांच्या मेंदूत स्वतःला आवरणारा भाग अजून तयारच व्हायचा असतो, म्हणून तो आवरत नाही. मुद्दाम छळत नाही. सगळं पटतं. सून हे करतेही, आणि आमच्या डोळ्यांसमोर नातू निवतो. पण नाही निवला तर ती रात्री उशिरापर्यंत फोनवर वाचत बसते की आपलं कुठे चुकलं. आजीला ही रात्र माहीत नव्हती. तिने मोहऱ्या चुलीत टाकल्या, विषय संपला. अर्थात मोहऱ्यांनी भागलं नाही की पुढचा उपाय बिब्ब्याचा होता. पोट फुगून रडणाऱ्या तान्ह्याच्या पोटाला बिब्ब्याचे चटके देत. ते डाग अजून काही म्हाताऱ्या पोटांवर आहेत. एकाच आजीच्या पदरात मीठ-मोहऱ्याही होत्या आणि बिब्बाही.

भीती घालायला इतर गावांत बागुलबुवा लागायचा. आमच्याकडे ते पद भरलेलं होतं. "देव बघतोय" एवढं म्हटलं की चार वर्षांचं पोर दुसऱ्याच्या अंगणातला पेरू जागेवर ठेवायचं. दोन वर्षांच्या पोराला मात्र देवही कळत नाही नि दुसऱ्याचं अंगणही. ज्या गावात कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही म्हणून जगभर डंका, त्या गावात रांगती पोरं राजरोस चोऱ्या करत हिंडायची. शेजारची वाटी आपल्या घरात, आपला चमचा तिसऱ्याच्या गोठ्यात. "माझं!" हा त्यांचा पहिला कायदा आणि हाती लागेल ते माझं हे त्याचं कलम. शनिदेवाने एकाचंही काही केलं नाही. संध्याकाळी आया आपापली भांडी गोळा करत फिरायच्या आणि त्या निमित्ताने गप्पा व्हायच्या. आता सोसायटीच्या बागेत नातवाने दुसऱ्याची घसरगाडी ओढली की सून आधी त्या बाईंची माफी मागते, मग नातवाला 'शेअरिंग' समजावते. ती बाई कोण, कुठल्या मजल्यावरची, हे तिला ठाऊक नसतं.

जेवणाचा कार्यक्रम तेव्हा ओट्यावर व्हायचा. ताटलीत दूधभात, समोर कावळे-चिमण्या, आणि गोष्ट एकच, चिऊच्या मेणाच्या आणि काऊच्या शेणाच्या घराची. पावसात काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारावर थापा मारतो, आणि चिऊ आतून बाळाच्या अंघोळीचं, टोपड्याचं, झोपेचं कारण सांगत राहते. आम्ही ही गोष्ट दार नसलेल्या घराच्या ओट्यावर बसून ऐकली. कवाड लावून घेणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या पुष्कळांना आधी चिऊने शिकवलं. गोष्ट संपेपर्यंत ताटली रिकामी व्हायची. नाही झाली तर काऊ परत येऊन थापा मारायचा. आता घास आणि मोबाईल बरोबर येतात. पडद्यावर रंगीत गाड्या गातात, तोंड आपोआप उघडतं, काय खाल्लं ते खाणाऱ्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको. आपले बालरोगतज्ज्ञही दोन वर्षांखाली नकोच म्हणतात.

यावरून सुनेला बोलायला आमची जीभ वळवळते. तेव्हा एक गोष्ट जरूर आठवावी. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया शंभर वर्षांपूर्वी तान्ह्यांना 'बालागोळी' देऊन कामावर जात. तिच्यात अफू असायची. मूल दिवसभर निपचित पडायचं, पाळी संपेपर्यंत रडायचं नाही. शेतावर जाणाऱ्या बायकांनीही अफूचा कण जिभेला लावल्याच्या गोष्टी जुन्या बायका सांगत, तेही आवाज खाली आणून. "आमच्या वेळी पोरं किती शांत असायची!" असं कुणी म्हातारं म्हणालं की आम्ही आता जरा गप्पच बसतो. कामावर जाणाऱ्या आईला गप्प बसलेलं मूल तेव्हाही लागत होतं, आताही लागतं. त्यातल्या त्यात मोबाईल बरा, असं म्हणायची पाळी येते.

मग आम्ही नेमकं कशासाठी हळहळतो? फळीसाठी नाही, बिब्ब्यासाठी तर नाहीच. घरात नजरा खूप होत्या, त्यासाठी. आजीचा कान, समोरच्या म्हातारीचा डोळा, वाटसरूची काख. पण या सगळ्या याद्यांमध्ये एक नाव आम्ही नेहमी गाळतो. दिवसभर पोर खरोखर ज्या कडेवर असायचं ती कड सात-आठ वर्षांच्या मुलीची होती. थोरली बहीण. तिचं स्वतःचं अंग पोराच्या भाराने एका बाजूला कललेलं, नाकाला शेंबूड, दोघांच्याही. आई खुरपायला गेली की पोर तिच्याकडे. झाडाला बांधलेली झोळी ती हलवायची, पांगुळगाड्यामागे ती धावायची, चिऊकाऊची गोष्ट आजीपेक्षा जास्त वेळा तिनेच सांगितली. तिचं नाव शाळेत होतं, ती शाळेत नव्हती. आमच्यातल्या ज्यांनी पुढे शिकून अशा आठवणी लिहायला घेतल्या, त्यांच्या लेखांत ती 'अक्का' किंवा 'ताई' म्हणून येते, प्रेमळ वगैरे. तिला विचारलं तर ती वेगळं लिहील. तिला लिहिता येत नाही.

आणि हे सगळं 'तेव्हा'च्या पोटात ढकलून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. दिवाळीनंतर आमच्या सोनईच्या मुळा कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि पाथर्डीकडून, बीडकडून ऊसतोड टोळ्या उतरतात. फडाजवळ कोप्या पडतात. त्यांनाही कवाड नसतं. शनिदेवाच्या कृपेने नव्हे, कवाड परवडत नाही म्हणून. पहाटे कोयते उसात जातात, आणि कोपीपाशी सहा-सात वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन उभी असते. त्याच्या हातात उसाचं टिपरू. पलीकडच्या रस्त्यावरून शिंगणापूरला निघालेल्या गाड्या जातात. त्यांच्या मागच्या सीटवर पट्टा बांधलेल्या खुर्चीत तेवढंच मूल, हातात मोबाईल. आमचं बालपण संपलं म्हणून आम्ही गळा काढतो, ते संपलेलं नाही. ते फक्त दुसऱ्यांकडे गेलं.

अंगणवाडीने यात बरंच सावरलं, हे मान्य करायला हवं. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली तेव्हा आम्हाला ती खाऊपुरती ठाऊक होती. वाटी घेऊन जायचं, वाटीभर घेऊन यायचं, आणि काट्याला लोंबकळून वजन करायचं. आता अंगणवाडीतल्या ताई भिंतीवर रंग, आकार, प्राणी काढतात, बाटलीची झाकणं आणि चिंचोके घेऊन मुलांना मोजायला बसवतात. २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्लीने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला; त्यात बाहुल्या, कोडी, खेळ, गोष्टींची चित्रं. पेटी छानच आहे. पण तिच्यात जे आहे त्यातलं निम्मं आमच्या आजीच्या ट्रंकेत होतं, आणि ट्रंकेला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

शनी अमावास्येला तुम्ही लहान मूल घेऊन आमच्याकडे येणार असाल, तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. घोडेगावकडून येताना रस्त्याला लाकडी चरकाच्या रसवंत्या लागतील. तिथे थांबा आणि घाई करू नका. घुंगरं वाजवत गोल फिरणारा बैल दीड वर्षाचं मूल कंटाळा न येता बघत राहतं. गर्दीत त्याच्या खिशात तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. आता ओट्यावरची म्हातारी सगळ्यांना ओळखत नाही. येणारे फार झाले. दुकानात रुईच्या माळांशेजारी काळ्या बाहुल्या टांगलेल्या दिसतील, मूल त्या मागेल, रडेल. ती बाहुली खेळायची नाही हे त्याला समजावण्याची खटपट करू नका, पुढे चला. आणि खेळणं घेतलंच तर १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं झालेलं आयएसआय चिन्ह आहे का बघा. फडक्यावर मांडलेल्या खेळण्यांवर ते सापडेलच असं नाही. ते नसलं तरी खेळणं उलटं करून बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं आहे का, एवढं तरी बघाच. गुंडीएवढा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी दृष्ट काढत बसू नका, उलटी करवू नका, गाडी काढा आणि थेट मोठं इस्पितळ गाठा.